तेलाची पारख

नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात १९७९ साली मी उमेदवार म्हणून रुजू झालो, तेथील मेस्त्रींना इंजिनातल्या तेलाची परीक्षा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून करण्याची सवय होती. डिपस्टिकच्या टोकाचा थेंब ते बोटावर घेत, अंगठ्याने सावकाश चोळीत, मग दोन्ही बोटे विलग करून मधली तार किती लांबते हे उजेडाकडे धरून पाहत, शेवटी वास घेत, आणि एवढ्यावरून त्या गाडीच्या रिंगा, तिचा कार्ब्युरेटर आणि तिला चालवणारा हात या तिहींविषयी जे मत देत ते सहसा चुकत नसे. तेलाविषयीचे त्यांचे सारे शास्त्र एका वाक्यात मावत होते. "तार तुटली की बेरिंग गेलं, पोरा," एवढेच ते म्हणत, आणि तार टिकायची तर तेल दाट हवे, ही त्यापुढची गोष्ट न सांगताच आम्हा पोरांच्या मनात पक्की होई.

त्या काळी हे शास्त्र खोटे नव्हते, हे मी आजही आग्रहाने सांगेन. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे मुख्यत्वे १०८९ घनसेंटिमीटरच्या फियाट आणि त्याहून जड अशा ॲम्बॅसडर. त्यांची अश्वशक्ती बेताची, धाव बेताची आणि आयुष्य मात्र रिबोअर करून करून वाढवलेले. धुळीने झिजलेल्या सिलिंडरात आणि सैल पडलेल्या बेरिंगांत पातळ तेल टिकत नसे, धुरावाटे जाई, आणि तेलाच्या दाबाचा काटा घाट चढताना खाली येई. तेथे २०डब्ल्यू-५० हे खनिज तेल ओतायचे आणि तीन हजार किलोमीटरला बिनचूक बदलायचे, हा शिरस्ता त्या यंत्रांना मानवणाराच होता. चूक घडली ती पुढे, आणि ती माझ्या हातून घडली. यंत्र बदलले तरी मी शिरस्ता बदलला नाही.

२००५ च्या सुमारास, कोथरूडच्या बाजूला माझे स्वतःचे वर्कशॉप चांगले चालू लागले असताना, साताऱ्याचे एक शल्यचिकित्सक त्यांची गाडी माझ्याकडे आणू लागले. १.८ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले, टर्बोचार्जर बसवलेले ते युरोपीय पेट्रोल इंजिन होते. वॉरंटीची मुदत संपली होती, आणि कंपनीच्या वर्कशॉपातील बिलांपेक्षा माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा अधिक होता. तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा मी त्यांना अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले की ते महागडे पातळ तेल बर्फाळ मुलखासाठी आहे, आपल्या उन्हाला दाट तेलच हवे. आणि २०डब्ल्यू-५० चे खनिज तेल भरून गाडी त्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी काही विचारले नाही. ज्या माणसाच्या शब्दावर दुसरी माणसे आपले शरीर सोपवतात, तो माणूस माझ्या शब्दावर आपली गाडी सोपवीत होता, याची जाणीव मला त्या वेळी व्हायला हवी होती.

सव्वा वर्षाने एका दुपारी खंबाटकीचा घाट चढताना त्यांचा फोन आला.

"मेस्त्री, तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय."

"डॉक्टरसाहेब, आहात तिथंच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुन्हा चालू करू नका."

रात्री गाडी ओढून आणली, दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवला, आणि तेल खेचून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी पाहिली तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले. जाळीची भोके दिसतच नव्हती. डांबर आणि काजळी एकत्र शिजवून लिंपावी तसा काळा, चिवट थर तिच्यावर बसला होता, चेंबरच्या तळाला तोच थर बोटभर होता, आणि टर्बोचा दांडा हाताने हलवला तर खुळखुळत होता. ते तेल दाट होते, तार धरणारे होते, मेस्त्रींच्या बोटांनी कदाचित त्याला पसंतीही दिली असती. परंतु टर्बोमधला दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, त्याच्या एका टोकाशी नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला धूर खेळत असतो, आणि घाट चढून आलेली गाडी थांबवून किल्ली फिरवली की तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र त्या दांड्याभोवती कोंडून राहते. तेथे अडकलेले खनिज तेल जळून त्याचे कोळसे होतात, उरलेले हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होत जाते, आणि चार-साडेचार लिटरच्या तेवढ्याशा साठ्यात हा मळ फार लवकर साचतो.

डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "गाडीच्या पुस्तकात काय लिहिलं होतं?"

ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होते. त्याचे प्लास्टिकचे वेष्टन त्यांनीही फाडले नव्हते आणि मीही नाही. पण तो त्यांचा धंदा नव्हता, माझा होता. वेष्टन मी त्यांच्यासमोर फाडले. तेलाच्या पानावर ५डब्ल्यू-४० हा आकडा आणि त्याच्याशेजारी कारखान्याच्या स्वतःच्या मानकाचा क्रमांक स्पष्ट छापलेला होता. टर्बोचा आणि उघडलेल्या इंजिनाचा खर्च मी सोसला. तो फेडायला मला दीड वर्ष लागले. डॉक्टर त्यानंतरही माझ्याकडेच येत राहिले, आणि त्यांच्या त्या वागण्याचे ओझे टर्बोच्या कर्जापेक्षा मला अधिक काळ वाटत राहिले.

त्या पावसाळ्यात मी अभ्यासाला बसलो. तंत्रनिकेतनात शिकवणारे माझे एक शेजारी होते; त्यांनी मला तेलाच्या श्रेणी ठरवणारा अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेचा तक्ता आणून दिला आणि तो कसा वाचावा हे चार संध्याकाळी बसून समजावले. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे, आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा; ५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली तीस अंशांवर होते, ज्याचा पुण्याच्या माघातल्या पहाटेशीही काही संबंध नाही. नंतरचा आकडा शंभर अंशांवरच्या दाटपणाचा, शास्त्राच्या भाषेत श्यानतेचा: चाळीसच्या श्रेणीला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, पन्नासला १६.३ ते २१.९, साठला २१.९ ते २६.१. आणि याखेरीज एक परीक्षा दीडशे अंशांवर, बेरिंगमध्ये तेल जसे रगडले जाते तसे ते रगडून घ्यायची. तेथे ५डब्ल्यू-४० तेलाला निदान ३.५ एककांची श्यानता राखावी लागते.

हा तक्ता समजला तेव्हा मेस्त्रींच्या बोटांचे रहस्य आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी मला एकदम उमगल्या. चाळीस अंशांवर, म्हणजे उन्हाळ्यात हाताला लागते त्या उष्णतेला, २०डब्ल्यू-५० खनिज तेलाची श्यानता साधारण दीडशेच्या घरात असते आणि ५डब्ल्यू-४० कृत्रिम तेलाची ऐंशी-पंच्याऐंशीच्या. म्हणून बोटांना पहिले जवळजवळ दुप्पट दाट लागते. तीच दोन तेले शंभर अंशांवर नेली की एक अठराच्या आसपास येते आणि दुसरे चौदाच्या. दुपटीचे अंतर चौथाईवर येते. बोटे खोटे बोलत नव्हती, पण जेथे ती साक्ष देत होती तेथे तेलाचे काम चालत नव्हते. शिवाय सकाळी किल्ली फिरवली की ते दाट तेल माथ्यावरच्या कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लावते, आणि इंजिनाच्या झिजेचा मोठा भाग त्या पहिल्या काही क्षणांत घडतो. पुण्याच्या पंचवीस अंशांची सकाळ आपल्याला सुखद वाटते. इंजिनाच्या हिशेबी तीही थंडीच असते.

दाट तेलाचा मोह मात्र नव्या पिढीलाही सुटलेला नाही, फक्त त्याचे कारण बदलले आहे. त्यानंतर काही वर्षांनी वेगवान गाड्या बाळगणारी तरुण मंडळी माझ्याकडे येऊ लागली, आणि त्यांतल्या एकाने, टर्बो बसवलेल्या आपल्या गाडीत १०डब्ल्यू-६० भरा, असा आग्रह धरला. त्याचे म्हणणे असे की बीएमडब्ल्यूच्या एम ३ मध्ये तेच जाते, आणि शर्यतीच्या गाडीला जे चालते ते आपल्या गाडीला अधिकच मानवेल. त्याला मी जे समजावले ते मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो.

शतकाच्या वळणावर दोन विलक्षण इंजिने जगात आली, दोन्ही टर्बोशिवायची, दोन्ही गरगर फिरणारी. एक बीएमडब्ल्यूचे सहा सिलिंडरचे ३.२ लिटर इंजिन, मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारे. दुसरे होंडाच्या एस २००० चे चार सिलिंडरचे दोन लिटर इंजिन, नऊ हजारांपर्यंत जाणारे. दोन्ही इंजिनांत सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूचा स्ट्रोक ९१ मिलिमीटर, होंडाचा ८४. त्यामुळे कमाल फेऱ्यांवर पिस्टनची सरासरी गती दोहोंत जवळजवळ सारखी, सेकंदाला चोवीस-पंचवीस मीटर, जी आजही थोड्याच इंजिनांना साधते. आता तेल पाहावे: बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनी १०डब्ल्यू-६० फर्मावले, आणि होंडाच्या पुस्तकात अमेरिकेतील ग्राहकांसाठी १०डब्ल्यू-३० छापले होते. तीसच्या श्रेणीची श्यानता शंभर अंशांवर साडेबाराच्या आत असते, साठची सुमारे बावीसपासून पुढे. व्यास तोच, पिस्टनची गती तीच, आणि तेल मात्र निम्मे-दुप्पट. म्हणजे फेऱ्यांवरून, अश्वशक्तीवरून किंवा किमतीवरून तेल ठरत नाही. बेरिंगमध्ये ठेवलेली सूक्ष्म मोकळीक, त्यावर येणारा भार, पंपाची ताकद, तेल थंड करण्याची व्यवस्था, या सर्वांचा मेळ घालून ज्याने यंत्र रचले त्याने त्याच्यासाठी तेलही रचलेले असते. पुढे एम ३ ला टर्बोचे नवे इंजिन आले तेव्हा त्याच कारखान्याने साठची श्रेणी सोडून पातळ तेल दिले, कारण यंत्र बदलले होते. हे मी त्या तरुणाला सांगत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे साताऱ्याची ती गाडी होती.

त्याला ते पटले, तरी त्याने एक खरा प्रश्न विचारला, आणि तो मला टाळता आला नाही. "काका, मी ही गाडी चेन्नईच्या ट्रॅकवर नेणार आहे. तिथंही हेच तेल?"

मी त्याच्यासोबत गेलो. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेला, तेव्हा मद्रास मोटर रेस ट्रॅक या नावाने ओळखला जाणारा ट्रॅक आहे, लांबी सुमारे पावणेचार किलोमीटर. दुपारी तेथील डांबरावर हात ठेववत नाही. आम्ही तेलाच्या उष्णतेचा वेगळा काटा बसवून नेला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, खंडाळ्याचा चढ धरूनही, जो काटा एकशे दहाच्या पलीकडे सहसा सरकत नसे, तो तेथे चौथ्या फेरीत एकशे तीसवर गेला. त्या उष्णतेला ५डब्ल्यू-४० ची श्यानता आठच्या आसपास उतरते, आणि १०डब्ल्यू-६० ची बाराच्या. म्हणजे शर्यतीतले साठ हे रस्त्यावरच्या तिसाइतकेच उरते, आणि ज्यांना दिवसभर अशा उष्णतेत गाडी पळवायची त्यांना दाट तेल का लागते याचा उलगडा तेवढ्यात होतो. आमची चैन दिवसातून वीस मिनिटांच्या तीन बैठकांची होती. मी तेलाची श्रेणी पन्नासवर नेली, एस्टरयुक्त कृत्रिम तेल घेतले, तेलासाठी वेगळा कूलर बसवला, आणि पुण्यास परतल्यावर ते तेल काढून पुन्हा पुस्तकातले भरले. तो तरुण म्हणाला, एवढं महाग तेल तीन दिवसांत फेकायचं? फेकायचे, असे मी म्हणालो, आणि आजही म्हणेन.

कृत्रिम किंवा सिंथेटिक या शब्दाविषयीही ग्राहकाला खरे सांगणे माझे कर्तव्य आहे असे मी मानतो. पूर्वी या शब्दाचा अर्थ निश्चित होता: रेणू रचून तयार केलेली पॉलिअल्फाओलेफिन आणि एस्टर ही तेले. पुढे खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणू इतके बदलता येऊ लागले की ते तेल गुणांनी जवळ पोहोचले, आणि १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेने अशाही तेलाला सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाही असा निकाल दिला. तेव्हापासून डब्यावरचा तो शब्द तेलाच्या कुळाचा दाखला राहिलेला नाही. त्यात अप्रामाणिक असे काही नाही, त्या प्रक्रियेची उत्तम तेले मी शेकडो गाड्यांत भरली आहेत. पण शब्दासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याला हे ठाऊक असावे.

मी डब्याची मागची बाजू वाचतो. तेथे दोन प्रकारची भाषा असते. अमुक कारखान्याच्या मानकाच्या गरजा हे तेल भागवते, हे तेल विकणाऱ्याचे स्वतःचे कथन. आणि अमुक मानकानुसार मंजूर, ही गाडी बनवणाऱ्याने स्वतःच्या इंजिनांवर परीक्षा घेऊन दिलेली सनद. पोर्शेचे ए ४०, मर्सिडीजचे २२९.५, बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१ ही अशी मानके आहेत, आणि त्यांची मंजुरी मिळवायला तेलवाल्याला खर्च आणि वेळ दोन्ही घालावे लागतात. कथन आणि सनद यांत मी सनद निवडतो, मग डब्याचे नाव कोणतेही असो. बाजारात रिकामे डबे विकत घेऊन त्यांत भलतेच तेल भरणारे लोकही आहेत. म्हणून माझ्या वर्कशॉपातला प्रत्येक रिकामा डबा भंगारात जाण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे, ही मी पोरांना दिलेली कायमची ताकीद आहे.

आता शेवटची एक हकीकत. २०१६ च्या हिवाळ्यात मेस्त्री माझ्याकडे आले. ऐंशी उलटलेली होती, नातू सोबत होता. त्या वेळी रॅम्पवर एक जर्मन गाडी होती, थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणारी टर्बोची. तिचे मालक घरापासून कचेरीपर्यंत रोज चार किलोमीटर जात, आणि माझी गाडी तेल खात नाही, उलट डिपस्टिकवर तेल वाढलेलंच दिसतं, असे मोठ्या समाधानाने सांगत.

मेस्त्रींनी नव्या तेलाच्या डब्यातला थेंब बोटावर घेतला. चोळला, तार पाहिली, आणि माझ्याकडे पाहिले.

"हे पाणी आहे रे."

मी वाद घातला नाही. चहाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळायला ठेवले, दोन स्टीलच्या वाट्यांत दोन तेले घेतली, एकीत २०डब्ल्यू-५० आणि दुसरीत मेस्त्रींचे ते ‘पाणी’, आणि दोन्ही वाट्या उकळत्या पाण्यात पाव तास ठेवल्या. मग चिमट्याने धरून दोन्ही एकाच वेळी पत्र्यावर तिरप्या केल्या. दोन्ही तेले जवळजवळ जोडीने खाली धावली. दाट तेल जेमतेम वीतभर मागे राहिले. मेस्त्री पत्र्यावरच्या त्या दोन ओघळांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"म्हणजे फियाटला आपण..."

"फियाटला तेच बरोबर होतं, मेस्त्री. तिच्या बेरिंगात तेवढी जागा होती."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी त्या जर्मन गाडीचे काढलेले तेल मागितले. बोटावर घेतले, चोळले नाही, सरळ नाकाशी नेले.

"यात पेट्रोल आहे. भरपूर आहे."

नमुना मी आदल्या दिवशीच मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवला होता. आठवड्याने कागद आला: तेलात पेट्रोल मिसळून श्यानता एक श्रेणी खाली आलेली, लोह थोडे वाढलेले, शिसे आणि तांबे जागच्या जागी, म्हणजे बेरिंगे शाबूत. चार किलोमीटरांच्या त्या फेऱ्यांत इंजिन कधी पुरते तापतच नव्हते आणि तेलात उतरलेले पेट्रोल उडून जात नव्हते. मालकांना मी पंधरा हजार किलोमीटरांची मुदत विसरून दर सहा महिन्यांनी तेल बदलण्याचे, आणि आठवड्यातून एकदा गाडी सिंहगडापर्यंत नेऊन आणण्याचे सांगितले.

पण तो कागद नंतर आला. त्या दुपारी मेस्त्रींनी माझ्या पोराकडून काढलेला फिल्टर कापून घेतला, आतला कागद उन्हात धरला आणि त्याची एकेक घडी उलगडत, प्रत्येक घडीच्या खोबणीतून नखाचे टोक फिरवत ते शेवटपर्यंत गेले. पितळेच्या रंगाचा एकही कण नव्हता. कागद त्यांनी पत्र्यावर ठेवला, नातवाकडे कोपर पुढे करून बाही वर सारून घेतली, आणि हात धुवायला पावडर मागितली.